पंक रॉक आणि संवेदनशील कान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक आवडतं किंवा आवडेल असं वाटतं, पण गाणं सुरू झालं की दहा सेकंदांत कान, डोकं नाहीतर सगळं अंगच ‘नको’ म्हणतं, अशांसाठी हे पान आहे. शेवटचे दोन प्रश्न बँड, आयोजक आणि मिक्सिंग करणाऱ्यांसाठी आहेत.

आवाज कमी केला तरी पंकचं गाणं अंगावर का येतं?

कारण त्रास फक्त आवाजाच्या पातळीचा नसतो. पंकच्या गाण्याची तीव्रता पाच वेगवेगळ्या गोष्टींतून तयार होते: गिटारचा आणि गळ्याचा खरखरीतपणा, ड्रमच्या प्रत्येक फटक्याचा झटका, सगळी वाद्यं एकाच वेळी वाजत असल्याने होणारी दाटी, वेग, आणि सुरुवात-थांबा-शेवट यांतला अचानकपणा. व्हॉल्यूमचं बटण या पाचही गोष्टी थोड्या थोड्या कमी करतं, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच राहतं. खरखर टोचत असेल, तर हळू लावलेली खरखरही टोचते.

म्हणून या पानावरचा जवळजवळ प्रत्येक उपाय एका ठरावीक घटकासाठी आहे. आधी आपला घटक शोधा, मग उपाय करा. सगळे उपाय एकदम लावले तर गाण्यात ऐकण्यासारखं काही उरत नाही.

डिस्टॉर्शनमुळे आवाजात नेमकं काय होतं?

गिटारचा सिग्नल अँप्लिफायरच्या किंवा पेडलच्या क्षमतेपलीकडे ढकलला की लहरींचे माथे कापले जातात. माथा कापलेल्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर तयार होतात. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला (सेकंदाला ८२ कंपनं) वाजते, पण डिस्टॉर्शननंतर तिची ऊर्जा थेट ४-५ हजार हर्ट्झपर्यंत पसरते.

आणि अडचण तिथेच आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती ३ हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवते. २ ते ५ हजार हर्ट्झ हा माणसाच्या कानाचा सर्वांत हळवा पट्टा. डिस्टॉर्शन, स्नेअर ड्रमचा ‘कडक’ भाग आणि ओरडणाऱ्या गळ्याची धार, तिन्ही याच पट्ट्यात येऊन आदळतात.

पंकमध्ये बहुतेक वेळा ‘पॉवर कॉर्ड’ वाजवतात, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच, गांधार गाळलेला. हे फक्त सोपेपणासाठी नाही. डिस्टॉर्शनमधून तीन वेगळे स्वर गेले की त्यांच्या आपसातल्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते स्वर निर्माण होतात आणि आवाज गढूळ होतो. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३ असं साधं असल्याने ते डिस्टॉर्शनमध्येही एकमेकांना धरून राहतात. संवेदनशील कानाला याचा फायदाच होतो. ज्या गाण्यांत पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमधून वाजवलेत, ती जास्त बोचतात.

गिटार चालते, पण गायक ओरडायला लागला की सहन होत नाही. असं का?

किंचाळीत आवाजाची पातळी सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होते. एवढ्या वेगाचे चढउतार कानाला वेगवेगळे मोजता येत नाहीत, एकसंध गुळगुळीतही वाटत नाहीत. ते ‘खरखरीत’ म्हणून जाणवतात. साध्या बोलण्यातले चढउतार यापेक्षा फार संथ असतात. खरखर हा मेंदूसाठी धोक्याचा इशारा आहे, धोक्याचे भोंगेसुद्धा याच गुणावर बेतलेले असतात. त्यामुळे गाणं तुमच्या आवडीचं असलं तरी शरीर सावध होतं, छाती धडधडते.

इक्वलायझरने (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) ही खरखर जात नाही, कारण ती एका पट्ट्यात नसून आवाजाच्या घडणीतच असते. उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. एक, गाण्याचे शब्द आधी वाचून घेणं: कुणी कशावर चिडलंय हे कळलं की ओरडणं ‘माझ्यावर’ राहत नाही. दोन, गायकीचा प्रकार पाहून बँड निवडणं. पंकमध्ये बोलल्यासारखं गाणारे, सुरात गाणारे, घोषणा दिल्यासारखे सामूहिक ओरडणारे आणि घसा फाडून किंचाळणारे अशा चारही तऱ्हा आहेत. यातली फक्त शेवटची टाळूनही भरपूर ऐकायला उरतं.

गाण्यात कुठे दचकायला होईल, हे आधी कसं ओळखायचं?

पंकच्या गाण्यात एक गंमत आहे. एकदा सुरू झालं की ते फारसं बदलत नाही. पातळी जवळपास सपाट असते. दचकवणाऱ्या जागा काठांवर असतात:

- पहिली ठोकर. ड्रमर काड्या एकमेकींवर चारदा आपटतो किंवा कुणीतरी ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हणतं आणि सगळी वाद्यं एकाच क्षणी कोसळतात.
- मधला अचानक थांबा. एक-दोन ठोके पूर्ण शांतता, मग पुन्हा सगळं एकदम. कान शांततेत सैलावलेला असतो, म्हणून ही जागा सुरुवातीपेक्षा वाईट.
- फक्त बास किंवा फक्त ड्रम उरलेल्या कडव्यानंतर परत येणारी गिटार.
- शेवटचा फीडबॅक: गिटार अँपसमोर धरल्यावर उठणारी शिट्टी. हिची उंची आणि लांबी दोन्हींचा भरवसा नसतो.

कानात मोठा आवाज आला की आवळून तो अडवणारा एक छोटा स्नायू असतो, पण तो आवळायला २५ ते १०० मिलिसेकंद लागतात. स्नेअरचा फटका तेवढ्यात येऊन गेलेला असतो. शिवाय तो स्नायू मुख्यतः खालच्या पट्टीचे (जाड) आवाज अडवतो; गिटारची धार त्याच्या हातची नाही.

उलट, मोठ्या आवाजाच्या अगदी आधी, अर्ध्या सेकंदाच्या आत, हलका आवाज आला तर दचकणं कमी होतं. काड्यांची मोजणी नकळत हेच काम करते, म्हणून ती कापून थेट गाण्यात उडी मारू नका. १८० बीपीएमच्या (मिनिटाला १८० ठोक्यांच्या) गाण्यात चार काड्यांना मिळून सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो; श्वास सोडायला तेवढा पुरतो.

फाइल हाताशी असेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून लहरींचं चित्र पाहा. बारीक रेघ आणि लगेच जाड पट्टा, अशी जागा दिसली की वेळ लिहून ठेवा. दोन-अडीच मिनिटांच्या गाण्यात अशा तीन-चार जागा निघतात. दुसऱ्यांदा ऐकताना त्या माहीत असल्या की निम्मा त्रास तिथेच संपतो.

मला नेमका कशाचा त्रास होतो, हे कसं शोधू?

एकच गाणं घ्या. समोरासमोर गप्पा मारतो तेवढ्या पातळीला, म्हणजे ६० ते ६५ डेसिबलला, त्यातला एक मिनिटाचा तुकडा पाच वेळा ऐका. दोन फेऱ्यांमध्ये किमान दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर आधीच्या फेरीचा शीण पुढच्या फेरीच्या नावावर जमा होतो.

पहिल्यांदा गाणं आहे तसं. दुसऱ्यांदा इक्वलायझरवर २ ते ५ हजार हर्ट्झचा पट्टा ६ डेसिबलने खाली; बरं वाटलं तर तुमचा शत्रू गिटारची खरखर-धार आहे. तिसऱ्यांदा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून गाण्याच्या मध्यातून सुरू करा आणि दहा सेकंदांत हळूहळू वर न्या. यात आराम पडला तर त्रास झटक्याचा आहे. चौथ्यांदा १२० हर्ट्झखालचं सगळं कमी करा; छातीतली, पोटातली धडधड गेली तर अंगाला जाणवणारा बास कारण आहे. पाचव्यांदा मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज; बरं वाटलं तर त्रास डाव्या-उजव्या वाटणीचा आहे.

कशानेच फरक पडला नाही तर बहुधा दाटी आणि वेळ यांचा प्रश्न आहे. मग गाणं बदलण्याऐवजी ऐकण्याची लांबी बदला: एक गाणं, विराम, दुसरं गाणं. पंकची गाणी दोन-तीन मिनिटांची असतात हे इथे फार सोयीचं ठरतं. ज्यांना सहा मिनिटांची गाणी आवडतात त्यांची अडचण जास्त.

इक्वलायझरवर नक्की कोणते आकडे ठेवू?

दहा पट्ट्यांच्या साध्या इक्वलायझरवर सुरुवात अशी करा: १ हजार हर्ट्झपर्यंत सगळं शून्यावर, २ हजारला उणे २, ४ हजारला उणे ५, ८ हजारला उणे ३, १६ हजारला उणे २ डेसिबल. एवढ्याने गिटारची धार आणि झांजांची सळसळ बसते, शब्द मात्र कळत राहतात.

जिथे वारंवारता आणि रुंदी हाताने ठरवता येते अशा इक्वलायझरवर ३ हजार २०० हर्ट्झला उणे ४, रुंदी (क्यू) साधारण १, आणि ८ हजारच्या वर उणे ३ चा उतार.

चुका बहुतेक दोन होतात. पहिली: धार कमी केली म्हणून भरपाईला बास वाढवणं. बास वाढवला की डिजिटल सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन स्वतःच फाटतो, आणि मूळ डिस्टॉर्शनवर दुसरं डिस्टॉर्शन चढतं. कुठलाही पट्टा वर न्यायचाच असेल तर इक्वलायझरमधलं ‘प्रीअँप’ तेवढ्याच डेसिबलने खाली घ्या. दुसरी चूक: ४ हजारचा पट्टा पार १२ डेसिबलने पाडणं. मग गाणं गुदमरल्यासारखं ऐकू येतं आणि हात आपोआप व्हॉल्यूम वाढवायला जातो.

हळू लावलं की गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं का वाटतं?

कमी पातळीला कान खालचे आवाज फार कमी पकडतो, मधले मात्र जवळपास तसेच पकडतो. बास गायब होतो आणि गिटारची धार एकटी उरते. म्हणून अगदी हळू ऐकताना, आणि फक्त तेव्हाच, १०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल वाढवायला हरकत नाही.

किती मोठ्याने आणि किती वेळ ऐकलेलं चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेचा वैयक्तिक उपकरणांसाठीचा निकष प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास असा आहे. मुलांसाठी आणि जास्त संवेदनशील व्यक्तींसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा धरायचा. ८० ला ४० तास, म्हणजे ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला आठवड्याला जेमतेम अडीच तास.

पण ही ऐकण्याची क्षमता शाबूत ठेवण्याची मर्यादा आहे, सहन होण्याची नाही. ७० डेसिबलला डोकं उठत असेल तर तुमची मर्यादा ६५ आहे, कोष्टक काहीही म्हणो. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनची कमाल पातळी ठरवायची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती आधी लावा, मग गाणी शोधायला बसा.

जुनं ध्वनिमुद्रण आणि ‘रीमास्टर’ यांत फरक पडतो का?

पुष्कळ. १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणं जास्तीत जास्त मोठी करण्याची चढाओढ लागली. त्यासाठी लिमिटर वापरून शिखरं दाबायची आणि उरलेलं सगळं वर खेचायचं. दोन ठोक्यांमधली जी छोटीशी मोकळी जागा असते ती यात भरून जाते आणि कानाला विसावा मिळत नाही.

सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इगी अँड द स्टूजेस यांचा १९७३ चा ‘रॉ पॉवर’ हा अल्बम. पंकच्या आधीचा, पण पंकचा पूर्वज. १९९७ मध्ये बँडचा गायक इगी पॉप याने तो स्वतः पुन्हा मिक्स केला आणि ती आवृत्ती रॉकमधल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या सीडींमध्ये गणली जाते. गाणी तीच, पण संवेदनशील कानाला दोन वेगळे अल्बम वाटावेत इतका फरक. शक्य असेल तेव्हा आधीची आवृत्ती निवडा.

स्ट्रीमिंग ॲपमधलं ‘नॉर्मलायझेशन’ चालू ठेवा. स्पॉटिफायवर त्याच्या तीन पायऱ्या आहेत: क्वाएट (उणे १९ एलयूएफएस; हे सरासरी मोठेपणाचं माप), नॉर्मल (उणे १४) आणि लाउड (उणे ११). ‘क्वाएट’ घ्या. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना बसणारा धक्का याने जातो. दाबलेल्या गाण्यातली दाटी मात्र जात नाही. ते फक्त दाट आणि हळू होतं.

हेडफोन बरे की स्पीकर?

झटक्याचा त्रास असेल तर स्पीकर, दोन-तीन मीटर अंतरावर. खोलीत आवाज पसरतो, भिंतींवरून परततो आणि फटक्याची कड बोथट होते. गादी, पडदे, सतरंजी असलेल्या खोलीत वरची सळसळही कमी होते.

आजूबाजूच्या गोंगाटामुळे व्हॉल्यूम वाढवावा लागत असेल तर गोंगाट थोपवणारे हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज कमी झाला की गाणं हळू लावूनही पुरतं. काहींना त्या यंत्रणेमुळे कानात दडे बसल्यासारखं होतं. तसं झालं तर ती बंद करून नुसते कान झाकणारे जाड हेडफोन वापरा. कानात खोल जाणारे छोटे इअरफोन आम्ही शेवटचा पर्याय मानतो: आवाज कुठून येतोय हे कळेनासं होतं, गाणं थेट डोक्यात वाजतं, आणि दाटीचा त्रास असलेल्यांना ते फार लवकर नकोसं होतं.

एका कानात गिटार, दुसऱ्यात बास, याने गरगरतं. काय करू?

फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. सुरुवातीच्या काळात अशी टोकाची वाटणी होत असे. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्याच अल्बममध्ये बास एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला आहे. हेडफोनवर अर्धं डोकं रिकामं वाटतं. (हाच अल्बम स्पीकरवर मात्र नवख्यांना चालतो: १४ गाणी, जेमतेम अर्धा तास, आणि सगळी सुरात गायलेली.)

सुरुवात कोणत्या प्रकारापासून करावी?

ढोबळ उतरंड अशी. सर्वांत सौम्य फोक-पंक, कारण त्यात बरेचदा साधी लाकडी गिटार असते. मग पोस्ट-पंक: वेग मध्यम, वाद्यांमध्ये मोकळी जागा, बास पुढे. मग स्का-पंक आणि पॉप-पंक. यांत सूर गोड, पण ध्वनिमुद्रण फार दाबलेलं, त्यामुळे गोड असूनही शीण येतो, हे लक्षात येत नाही आणि लोक बुचकळ्यात पडतात. मग १९७६-७७ चं न्यूयॉर्क आणि लंडनचं पंक: १६० ते १९० बीपीएम, सरळ ठेका. त्यापुढे हार्डकोर, २०० च्या वर. मग डी-बीट (एका ठरावीक ड्रम-ठेक्यावर चालणारा हार्डकोरचा प्रकार) आणि शेवटी पॉवरव्हायोलन्स, जिथे गाणं अर्ध्या मिनिटात तीनदा वेग बदलतं.

१८० बीपीएमला गिटारवर सलग आठवे सूर (एका ठोक्याला दोन) म्हणजे सेकंदाला ६ फटके. हा वेग सतत राहिला तर बरेच कान त्याला सरावतात. पॉवरव्हायोलन्स अवघड जातं ते वेगामुळे कमी, वेग मोडण्यामुळे जास्त.

उलट मला पंकनेच शांत वाटतं. हे विचित्र आहे का?

नाही. सपाट पातळी, ठाम ठेका, मोजकी रचना आणि बाहेरचे बारीकसारीक आवाज झाकून टाकणारी भिंत, हे सगळं काही संवेदनशील लोकांना हवंहवंसं असतं. भांड्याचा एक खणखणाट नको होणारा माणूस तासभर हार्डकोर ऐकू शकतो, कारण खणखणाट अचानक येतो आणि गाणं त्याने स्वतः लावलेलं असतं. फक्त पातळीवर लक्ष ठेवा. शांत वाटणं आणि कान सुरक्षित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

हा नुसता स्वभाव आहे की काही दुखणं?

साधे आवाजही फार मोठे किंवा वेदनादायक वाटतात, त्याला हायपरॅक्युसिस म्हणतात. ठरावीक आवाजांचा (चावणं, श्वास, टिकटिक) संताप किंवा किळस येते, ती मिसोफोनिया. हिचा पंकच्या मोठ्या आवाजाशी संबंध कमी. गायकाचे ओठांचे, लाळेचे आवाज जवळच्या माइकवर आले तर मात्र हळू गाणंही नकोसं होतं. मायग्रेनमध्ये डोकेदुखी उठलेली असताना आवाज सहन होत नाही, एरवी बहुतेकदा होतो. ऑटिझममध्ये आवाजासोबत प्रकाश, स्पर्श, वास यांचाही भार एकत्र साठतो.

एक प्रकार बऱ्याचदा निसटतो: हळू बोललेलं नीट ऐकू येत नाही आणि थोडा आवाज वाढला की एकदम असह्य होतं. हे ‘हळवे कान’ नसून श्रवणदोषाचं लक्षण असू शकतं. ऑडिऑलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या. दुखणं, कानात सतत शिट्टी, किंवा आधी चालणारे आवाज अलीकडे न चालणं, यांपैकी काही असेल तरीही.

मग दिवसभर इअरप्लग घालून ठेवावेत का?

नको. कानाला सतत शांतता दिली की मेंदू आतला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो आणि आधी चालणारे आवाजही बोचायला लागतात. प्लग खरोखर मोठ्या आवाजासाठी राखून ठेवा. घरात, रस्त्यावर, स्वयंपाक करताना काढून ठेवा. आधीपासून दिवसभर घालायची सवय असेल तर एकदम सोडू नका. ऑडिऑलॉजिस्टच्या देखरेखीत हळूहळू कमी करा.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायचंय. कुठे उभं राहू, काय सोबत नेऊ?

पहिला गैरसमज: छोटी जागा म्हणजे कमी आवाज. छोट्या खोलीत ड्रम आणि गिटारचे अँप माइकशिवायच १०० डेसिबल गाठतात आणि साउंड इंजिनियरला त्याखाली काही करता येत नाही. मोठ्या सभागृहात निदान मागे सरकायला जागा असते.

जागा निवडताना स्पीकरच्या थेट समोर नको, सबवूफरजवळ (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरजवळ) नको, कोपऱ्यात तर मुळीच नको, कारण कोपऱ्यात बास साठतो. मिक्सरच्या टेबलाजवळ, मागच्या भिंतीपासून दोनेक मीटर पुढे, दाराकडे जाणारी वाट मोकळी असेल अशी जागा उत्तम. मिक्स त्या टेबलावरूनच ऐकून केलेला असतो, म्हणून तिथे तो सर्वांत समतोल असतो. मंचासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे ‘मॉश पिट’मध्ये, धक्काबुक्की होते; स्पर्श नको असेल तर तिच्या काठापासूनही चार-पाच पावलं लांब राहा, तो काठ गाण्यागणिक सरकतो.

फोमचे प्लग वरचे आवाज जास्त आणि खालचे कमी अडवतात, त्यामुळे गाणं कांबळ्याखालून ऐकू येतं. संगीतकारांसाठीचे फिल्टर असलेले प्लग सगळे पट्टे जवळपास सारखे कमी करतात, शब्द कळतात. खरखरीचा फार त्रास असलेल्यांना मात्र फोमच बरा वाटतो. इथे ‘कमी दर्जाचा’ प्लग हा योग्य प्लग ठरतो.

पाकिटावरच्या एनआरआर आकड्यावर (प्लग किती डेसिबल अडवतो त्या आकड्यावर) विसंबू नका. त्यातून ७ वजा करून निम्मे करा: ३३ चा प्लग हिशेबाला १३ डेसिबल धरा. १०३ डेसिबलच्या कार्यक्रमात तुमच्या कानाला ९० पोहोचतात. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा ८५ डेसिबलला ८ तास हा हिशेब लावला तर ९० ला अडीच तास होतात. प्लगवर इअरमफ (पूर्ण कान झाकणारं संरक्षक कवच) चढवला तर दोन्हींची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबलची भर पडते.

छातीतली धडधड कुठलाच प्लग थांबवत नाही. ती हवेतून आणि जमिनीतून थेट अंगाला पोहोचते. लाकडी मंचवजा जमिनीऐवजी फरशीवर उभं राहा आणि भिंतीला टेकू नका.

दिव्यांची चौकशी आधी करा. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश प्रकाश-संवेदी अपस्मार असलेल्यांना धोक्याचा असतो. अचानक स्ट्रोब सुरू झाला तर नुसते डोळे मिटणं पुरत नाही, कारण प्रकाश पापणीतून जातो; एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा.

फोमचा प्लग नीट बसत नाही, सारखा निघतो.

कोरड्या, स्वच्छ बोटांनी तो सुरकुती न पडता बारीक वळा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून आरशात प्लगचं टोक दिसत असेल तर तो अर्धाच गेलाय. स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं, खोल ऐकू आलं की बसला समजा. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी घाला. गोंगाटात घाईने घातलेला प्लग हमखास वाकडा बसतो.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजते. थांबेल का?

बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत थांबते. तोवर हेडफोन बंद, मोठा आवाज बंद. पूर्ण शांत खोलीत शिट्टी जास्त जाणवते, म्हणून पंख्यासारखा हलका आवाज असू द्या. दोन दिवसांनंतरही टिकली तर तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचे उपचार जितके लवकर तितके उपयोगी पडतात.

लहान मुलांना न्यावं का?

तान्ह्यांना नाही. मोठ्या मुलांना त्यांच्या मापाचे इअरमफ घालून, मागे, थोडा वेळ. छोट्या मुलांना फोमचे प्लग देऊ नका. ते नीट बसत नाहीत आणि तोंडात जातात. मूल मफ ओढून काढत असेल तर ते बाहेर जायचं म्हणतंय.

आम्ही बँड किंवा आयोजक आहोत. श्रोत्यांना आधी काय सांगावं?

प्रत्येक गाण्याची वेळेनुसार नोंद द्या. ‘तीव्र आवाज असेल’ एवढ्याने कुणाला काहीच कळत नाही. काल्पनिक गाण्याचा नमुना:

०:०० गिटारचा फीडबॅक, हळू सुरू होऊन वाढत जातो, ४ सेकंद.
०:०४ चार काड्या, मग सगळी वाद्यं एकदम. वेग १८४ बीपीएम.
०:४८ सामूहिक ओरडणं, चार शब्द, दोनदा.
१:१५ पूर्ण थांबा, अंदाजे एक सेकंद. मग स्नेअरचा एकटा फटका आणि पुन्हा सगळं.
१:५२ किंचाळी, ३ सेकंद.
२:०५ शेवट अचानक, फीडबॅक नाही.

सोबत कार्यक्रमाची अपेक्षित पातळी, स्ट्रोब आणि धूर आहे की नाही, शांत खोली कुठे आहे आणि बाहेर जाऊन परत येता येतं का, हे लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि परत येऊ देणार नाहीत या भीतीनेच लोक सहन होत नसताना आत थांबून राहतात. सभागृहांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १५ मिनिटांच्या सरासरीला कमाल १०० डेसिबल (ए) ही मर्यादा सुचवली आहे. ‘ए’ मापन ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबल कमी मोजतं, म्हणून बासच्या त्रासासाठी ‘सी’ मापनही लिहून ठेवा.

गाण्याचा जोर न घालवता सौम्य मिक्स करता येतो का?

येतो, आणि तो वेगळी फाइल म्हणून देणं उत्तम. संपूर्ण मिक्सवर पट्टा कापू नका. गिटारच्या ट्रॅकवर ३ हजार हर्ट्झला डायनॅमिक इक्वलायझर लावा, म्हणजे धार वाढेल तेव्हाच तो ३-४ डेसिबल दाबेल. स्नेअरच्या फटक्याचा पहिला क्षण ट्रान्झियंट शेपरने थोडा बोथट करा, पण नंतरची गुंज राहू द्या. झांजांचे ओव्हरहेड माइक २ डेसिबल खाली. फीडबॅकला अर्ध्या सेकंदाचा चढ द्या. मास्टरिंगमध्ये लिमिटरवर २ डेसिबलपेक्षा जास्त दाब नको, म्हणजे ठोक्यांमधली जागा राहील. वेगाला हात लावू नका. हळू केलेलं पंक कुणालाच नको असतं, संवेदनशील श्रोत्यालाही नाही.